डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि नदींतील नांगर

आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांचें आजोळ कोंकणांत खाडीच्या कांठीं आहे. होडी वल्हविण्याचें कौतुक त्यांना नवें नाहीं. परंतु होडी चालविण्यापेक्षां ती एका जागीं उभी ठेवणें अधिक कठीण असतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तळ्याचें पाणी स्थिर असतें. तेथें नांगर टाकला कीं काम झालें. नदीचें तसें नाहीं. तेथें पाणी रात्रंदिवस होडीला ढकलीत असतें. तळाची वाळू आज एका ठिकाणीं तर उद्यां दुसऱ्या ठिकाणीं असते. पूर आला म्हणजे पात्र ओळखूं येत नाहीं, आणि पूर ओसरला म्हणजे काल जेथें होडी तरंगत होती तेथें आज ती वाळूंत रुतून बसते. समुद्राजवळ तर भरतीच्या वेळीं प्रवाहच उलटा फिरतो आणि होडीचें तोंडहि फिरवितो. अशा ठिकाणीं नांगर धरून राहणें हें ज्ञानाचें काम आहे, आणि ज्ञानाइतकेंच धीराचेंहि आहे.

आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांस जग आफ्रिका खंडांतील थोर प्रवासी आणि मिशनरी म्हणून ओळखतें. त्यांच्या पायीं प्रवासाच्या गोष्टी मुलांना ठाऊक असतात. परंतु आपल्या आयुष्यांतील जवळजवळ सहा वर्षें ते नदीवर आगबोट घेऊन फिरत होते, त्या आगबोटीचे कप्तान स्वतःच होते, आणि तींच वर्षें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कष्टाचीं ठरलीं, ही हकीकत फारशी सांगितली जात नाहीं. त्यांच्या आगबोटींपैकीं एक तर अखेर आपल्या मुंबई बंदरांत येऊन पोंचली. म्हणून ती हकीकत आम्ही येथें विस्तारानें देत आहों.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडमध्यें ब्लँटायर या गांवीं झाला. हा गांव क्लाइड नदीच्या कांठीं असून तेथें कापसाच्या सुताची मोठी गिरणी होती. गिरणीच्या चाळींतील एका खोलींत सारें कुटुंब राहत असे. वयाच्या दहाव्या वर्षीं डेव्हिड त्याच गिरणींत तुटलेले धागे जोडण्याच्या कामावर लागला. सकाळीं सहा वाजतां काम सुरू होई तें रात्रीं आठ वाजतां संपे. पहिल्या पगारांतून त्यानें लॅटिन भाषेचें व्याकरण विकत घेतलें. पुस्तक यंत्रावर टेकवून ठेवावें, आणि येतां जातां एकेक वाक्य वाचून घ्यावें, असा त्याचा क्रम असे. रात्रीं काम सुटल्यावर तो गिरणीच्या शाळेंत जाऊन बसे. अशा रीतीनें शिकत शिकत १८३६ सालीं तो ग्लासगो शहरीं वैद्यकी शिकूं लागला, आणि १८४० सालीं डॉक्टर व मिशनरी होऊन बाहेर पडला. चीन देशांत जावें असा त्याचा मूळ बेत होता. परंतु तिकडे अफूचें युद्ध सुरू झाल्यामुळें तो मार्ग बंद झाला, आणि त्याची नेमणूक दक्षिण आफ्रिकेंत झाली.

त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत ‘जॉर्ज’ नांवाच्या जहाजांतून ते निघाले. वाटेंत जहाजाच्या कप्तानानें त्यांना ताऱ्यांवरून आपलें ठिकाण कसें काढावें हें शिकविलें. मध्यरात्रीं डेकवर उभें राहून शिकलेली ही विद्या त्यांना जन्मभर उपयोगी पडली. आफ्रिकेंत गेल्यावर १८४५ सालीं त्यांनीं मेरी मॉफट या बाईंशीं लग्न केलें. त्यांच्या पहिल्या मुलाचें नांव रॉबर्ट. तेथील रिवाजाप्रमाणें लोक आईला पहिल्या मुलाच्या नांवानें हांक मारीत, म्हणून मेरीबाईंना ते ‘मा रॉबर्ट’, म्हणजे रॉबर्टची आई, असें म्हणूं लागले. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

१८५१ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं प्रथम झांबेझी नदी पाहिली. त्या रुंद, भरलेल्या पाण्याकडे पाहून त्यांच्या मनांत एक विचार आला आणि तो कायमचा घर करून राहिला. आफ्रिकेच्या आंतल्या भागांत त्या काळीं माणसें विकण्याचा भयंकर व्यापार चालत असे. आंत जाण्यास वाट नाहीं, बैलगाडी चालत नाहीं, म्हणून प्रामाणिक व्यापार तेथपर्यंत पोंचत नाहीं, आणि माणसांचा व्यापार बोकाळतो, असें त्यांचें मत झालें. ही नदी जर आगबोटीची वाट झाली, तर कापूस, साखर आणि हस्तिदंत यांचा उघड व्यापार सुरू होईल आणि गुलामांचा बाजार उठेल, अशी त्यांची आशा होती. त्या आशेनें १८५३ पासून १८५६ पर्यंत त्यांनीं आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडला. याच प्रवासांत १६ नोव्हेंबर १८५५ रोजीं त्यांनीं झांबेझीचा प्रचंड धबधबा पाहिला आणि त्यास व्हिक्टोरिया राणीचें नांव दिलें.

परंतु याच प्रवासांत त्यांच्या हातून एक चूक झाली. तेते या गांवाच्या वरच्या अंगास नदी एक मोठें वळण घेते. तें वळण टाळून ते जवळच्या वाटेनें चालत गेले. त्या वळणांत केब्राबासा नांवाची जागा असून तेथें पाण्याला खळाळ आहे, एवढें त्यांच्या कानावर आलें होतें. पण तो किरकोळ असेल असें समजून त्यांनीं तो डोळ्यांनीं पाहिला नाहीं. हजारों मैल चाललेल्या मनुष्यानें थोडे मैल वांचविले. पुढें इंग्लंडांत त्यांचा मोठा सत्कार झाला, १८५७ सालीं त्यांचें पुस्तक निघालें, आणि झांबेझी ही आंत जाण्याची जलवाट आहे असें त्यांनीं सर्वांस सांगितलें. लोकांनीं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेविला. सरकारनें पैसा दिला, मिशनांनीं माणसें दिलीं. एका न पाहिलेल्या वळणावर एवढ्या सर्वांच्या आशा बांधल्या गेल्या.

१० मार्च १८५८ रोजीं ‘पर्ल’ जहाजांतून ही मोहीम लिव्हरपूलहून निघाली. जहाजावर एका लहान आगबोटीचे सुटे भाग होते. तिला डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं आपल्या पत्नीचें लाडकें नांव दिलें, ‘मा रॉबर्ट’. मे महिन्यांत मंडळी झांबेझीच्या मुखाशीं आली. ही नदी समुद्राला अनेक फांट्यांनीं मिळते, आणि प्रत्येक फांट्याच्या तोंडाशीं समुद्रानें लोटलेल्या वाळूचा आडवा बांध असतो. त्यावर लाटा फुटत असतात. आपल्या कोंकणांतील तांडेल भरतीची वेळ साधून खाडींत शिरतात, तसेंच तेथेंहि करावें लागतें. कोंगोने नांवाचा फांटा त्यांतल्या त्यांत बरा निघाला. ‘पर्ल’ कांहीं अंतर वर गेली. पण पुढें पाणी उथळ लागल्यामुळें सामान एका बेटावर उतरवून ती परत फिरली. येथून पुढें सारा भार ‘मा रॉबर्ट’ वर पडला. आरमारांतून आलेल्या अधिकाऱ्याशीं मतभेद होऊन तो सोडून गेला, तेव्हां डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं सुकाणू स्वतःच्या हातीं घेतलें.

ही आगबोट फार वाईट निघाली. तिचा पत्रा इतका पातळ होता कीं थोड्याच काळांत त्याला बारीक छिद्रें पडूं लागलीं. एक दिवस बोट चालवावयाची तर दीड दिवस लांकडें तोडावीं लागत. तिचें यंत्र धापा टाकी, म्हणून मंडळी तिला दमेकरी म्हणत. अशा बोटीला नदींत रोज संध्याकाळीं मुक्कामाची जागा शोधावी लागे.

ही जागा शोधणें म्हणजे काय, हें आम्ही थोडें समजावून सांगतों. प्रवाहाच्या मध्यभागीं नांगर टाकावा तर पाणी खोल असतें, पण ओढ जोराची असते, आणि वाहून येणारे ओंडके व शेवाळाचे पुंजके दोरावर अडकून तो भार नांगरावर येतो. कांठाशीं बांधावी तर ओढ कमी असते, पण रात्रींतून पाणी उतरलें तर सकाळीं बोट कोरडी पडते. शिवाय तेथें डांसांचा सुळसुळाट. वळणाच्या बाहेरच्या बाजूस पाणी खोल, पण तेथेंच कांठ ढासळतो आणि झाडें कोसळतात. आंतल्या बाजूस वाळू सांचते. नांगराचा दोर आंखूड सोडला तर बोट नांगराला वर उचलते आणि तो सुटतो. पाण्याच्या खोलीच्या पांच-सहा पट दोर सोडावा तेव्हां नांगराचे दांत आडवे होऊन तळाला धरतात. पण लांब दोराला मोकळी जागाहि लांब लागते, आणि अरुंद पात्रांत ती मिळत नाहीं. त्यांतहि तळ जर बारीक, सैल वाळूचा असला, तर प्रवाह नांगराभोंवतींची वाळूच धुऊन नेतो, आणि चांगला टाकलेला नांगरहि हळूहळू घसरूं लागतो. म्हणून नदीवरचा शहाणा तांडेल नांगर टाकल्यावर लगेच निजत नाहीं. कांठावरील दोन झाडांवर नजर ठेवून आपण हललों कीं नाहीं हें तो पाहत राहतो.

नोव्हेंबर १८५८ मध्यें डॉ. लिव्हिंग्स्टन केब्राबासा येथें पोंचले. तो किरकोळ खळाळ नव्हता. उंच डोंगरांच्या मधून मैलोगणती खडकांवरून आदळत जाणारें तें पाणी होतें. कोणतीहि आगबोट तेथून वर जाणें शक्य नव्हतें. ते पायीं चढून शेवटपर्यंत जाऊन आले. जी वाट त्यांनीं साऱ्या देशाला सांगितली होती ती तेथें संपत होती. आज त्या घळईवर काहोरा बासा नांवाचें मोठें धरण असून १९७४ सालापासून तेथें एक विस्तीर्ण जलाशय झाला आहे. पण १८५८ सालीं त्या खडकांवर त्यांची सारी आशा फुटली.

दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं झांबेझीला मिळणारी शिरे नदी धरली. १८५९ सालच्या जानेवारींत ते तिच्यांतून वर गेले. तिच्या पाण्यावर शेवाळाचे तरंगते थर होते, दोन्ही बाजूंस मोठ्या दलदली होत्या. पुढें तेथेंहि धबधबे लागले. परंतु त्यांच्या पलीकडे पायीं जाऊन त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत ते न्यासा सरोवराच्या कांठीं पोंचले. आज ज्या देशास मलावी म्हणतात, त्याचें तें सरोवर. धबधब्यांच्या बाजूनें सुमारें चाळीस मैलांची सडक केली आणि एक आगबोट सुटी करून वर नेली, तर त्या सरोवरावर गुलामांचीं गलबतें अडवितां येतील, असा नवा बेत त्यांनीं केला.

इकडे ‘मा रॉबर्ट’ चा शेवट जवळ आला होता. डिसेंबर १८६० मध्यें सेना गांवाजवळ ती वाळूवर चढली आणि पाण्यानें भरली. तिला काढतां येईना. रात्रीं नदीला पाणी वाढलें, आणि सकाळीं तिच्या डोलकाठ्यांचीं टोकें तेवढीं पाण्यावर दिसूं लागलीं. सामान मात्र बहुतेक वांचलें. त्या वर्षींचा नाताळ मंडळींनीं नदींतील एका बेटावर तंबूंत काढला.

१८६१ सालच्या आरंभीं सरकारनें ‘पायोनियर’ नांवाची दुसरी आगबोट पाठविली. ती मजबूत होती. पण तिला तीन फूट पाणी पुरेल असें ठरलें असतां प्रत्यक्षांत पांच फूट लागे. एवढ्या दोन फुटांनीं केवढा फरक पडला पाहा. त्या वर्षीं बिशप मॅकेंझी आपले सोबती घेऊन त्या प्रांतांत मिशन स्थापण्यास आले होते. त्यांना घेऊन ‘पायोनियर’ शिरे नदींतून निघाली आणि पावलोपावलीं वाळूंत रुतूं लागली. रुतली कीं तिचा नांगर लहान होडींत घालावयाचा, दूर खोल पाण्यांत नेऊन टाकावयाचा, आणि मग आगबोटीवरचा रहाट फिरवून दोर गुंडाळीत बोटच नांगराकडे ओढून घ्यावयाची. या कामीं बिशप आणि त्यांचे सोबती हेहि खलाशांच्या बरोबरीनें राबले. एकदां तर आगबोट पंधरा दिवस एकाच जागीं अडकून पडली. पाणी फक्त दोन-तीन इंच कमी होतें. पण नांगर धरीना. मऊ वाळूंतून तो ओढल्यासरशीं जवळ येई. प्रवाह बोटीला आडवी फिरवी. आणि बोट आडवी झाली कीं पाणी अडून तिच्या मागें नवी वाळू सांचे. जी शक्ति लावावी ती उलट अडचणच वाढवी.

अशा दिरंगाईची किंमत माणसांनीं मोजली. त्या वर्षाच्या अखेरीस खालीं येतांना ‘पायोनियर’ पुन्हां पांच आठवडे वाळूवर अडकली. रूओ आणि शिरे या नद्यांच्या संगमावर जानेवारीच्या आरंभीं बिशपांनीं भेटावें असें ठरलें होतें. बिशप मॅकेंझी एका सोबत्यासह लहान होडींतून निघाले. वाटेंत रात्रीं मुक्काम केला असतां डांसांनीं त्यांना हैराण केलें, म्हणून त्यांनीं अंधारांतच पुढें जाण्याचें ठरविलें. तेवढ्यांत होडी पाण्यानें भरली आणि त्यांची सारी औषधें नदींत गेलीं. त्यांतच तापावरचें क्विनाइन होतें. संगमावर पोंचून पाहतात तों आगबोट थोड्याच दिवसांपूर्वीं तेथून खालीं निघून गेलेली. ते तेथील एका बेटावर वाट पाहत राहिले, आणि ३१ जानेवारी १८६२ रोजीं तापानें त्यांचा अंत झाला. त्यांचे सोबतीहि पुढें थोड्याच दिवसांत वारले.

त्याच सुमारास नदीच्या मुखाशीं एक जहाज येऊन दाखल झालें. त्यांतून मेरीबाई आपल्या पतीला भेटावयास आल्या होत्या, आणि त्याच जहाजांत ‘लेडी न्यासा’ या तिसऱ्या आगबोटीचे भाग होते. ही बोट डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं पुस्तकाच्या मिळकतींतून, सुमारें सहा हजार पौंड खर्चून, स्वतः बांधवून घेतली होती. तें अवजड सामान घेऊन ‘पायोनियर’ लवकर वर चढेना. रोगट दलदलीच्या प्रदेशांत आठवड्यांवर आठवडे गेले. शुपांगा येथें मेरीबाईंना ताप आला, आणि २७ एप्रिल १८६२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. एका मोठ्या गोरखचिंचेच्या झाडाखालीं त्यांचें दफन झालें. हिंवताप डांसांमुळें पसरतो हें त्या काळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. तें रोनाल्ड रॉस यांनीं आपल्या सिकंदराबाद येथें १८९७ सालीं दाखवून दिलें. दलदलींतील दूषित हवेचा तो परिणाम, असें डॉ. लिव्हिंग्स्टन समजत. उथळ पाण्यांत जखडून पडलेली बोट म्हणजे रोज रात्रीं डांसांच्या तोंडीं दिलेलीं माणसें, हें त्यांना कळलें नव्हतें. परंतु बोट अडकली कीं ताप येतो, एवढें ते अनुभवानें जाणून होते.

थोर पुरुषाचे दोष झांकून ठेवल्यानें त्याचा मोठेपणा वाढतो असें आम्हांस वाटत नाहीं. डॉ. लिव्हिंग्स्टन स्वतः थकत नसत, म्हणून दुसऱ्यांचा थकवा त्यांना समजत नसे. तरुण भूगर्भशास्त्रज्ञ थॉर्न्टन आणि चित्रकार बेन्स यांना त्यांनीं मोहिमेंतून काढून टाकलें. त्यांपैकीं बेन्स यांना तर मोठा अन्याय झाला, असें पुढच्या चरित्रकारांचें मत आहे. आफ्रिकी सोबत्यांशीं मात्र त्यांचें चांगलें जमे. समुद्र ज्यांनीं कधीं पाहिलाहि नव्हता असे मकोलोलो लोक त्यांच्या आगबोटीवर थोड्याच दिवसांत चांगले खलाशी झाले.

१८६३ सालीं शिरे नदीच्या कांठीं दुष्काळ आणि गुलाम धरणाऱ्यांच्या धाडी यांनीं एकच कहर केला. नदींतून प्रेतें वाहत येत, आणि सकाळीं आगबोट सुरू करण्यापूर्वीं चाकांत अडकलेलीं प्रेतें काढावीं लागत. ज्या नदीवर प्रामाणिक व्यापाराच्या बोटी चालाव्या म्हणून हा पुरुष झटला, त्या नदीनें त्याला हें दृश्य दाखविलें. ‘लेडी न्यासा’ धबधब्यांच्या पायथ्यापर्यंत पोंचली होती आणि तिचे भाग सुटे करण्याचें काम चाललें होतें; एवढ्यांत जुलै महिन्यांत मोहीम आटोपून परत यावें असा सरकारचा हुकूम आला. नदीला पाणी नसल्यानें खालीं जाण्यासहि पुराची वाट पाहावी लागली. १८६४ च्या जानेवारींत पाणी चढलें, तेव्हां दोन्ही बोटी समुद्राकडे निघाल्या.

आतां ‘लेडी न्यासा’ चें काय करावयाचें? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिला गिऱ्हाईक मिळालें असतें. परंतु तेथें विकली तर ती गुलाम वाहण्याच्या कामीं लागेल, ही भीति होती. गुलामगिरी मोडण्यासाठीं बांधलेली बोट त्या पापाला लावणें त्यांना शक्य नव्हतें. म्हणून त्यांनीं ती मुंबईस नेऊन विकण्याचें ठरविलें. नदीसाठीं बांधलेल्या त्या चिमुकल्या बोटींतून सुमारें अडीच हजार मैलांचा समुद्र ओलांडावयाचा होता. जवळ कोळसा अवघा चौदा टन. बरोबर तीन युरोपियन, झांबेझीकडचे सात आफ्रिकी गडी, आणि चुमा व विकाटानी हे दोन मुलगे. या दोघांना १८६१ सालीं गुलामांच्या तांड्यांतून सोडविलें होतें. ३० एप्रिल १८६४ रोजीं झांझिबार सोडलें. वाटेंत वारा पडला आणि बोट अनेक दिवस एकाच जागीं डोलत राहिली. पावसाळा डोक्यावर आला होता. अखेर पंचेचाळीस दिवसांनीं, १३ जून रोजीं, ‘लेडी न्यासा’ मुंबई बंदरांत शिरली. ती इतकी लहान होती कीं ती आल्याचें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. ज्या पुरुषाला नदींतली दोन इंच वाळू पंधरा दिवस अडवूं शकली, त्यानें पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्र ओलांडला. पुढच्या वर्षीं ती बोट अवघ्या तेवीसशें पौंडांस विकली गेली, आणि तो पैसा ज्या बँकेंत ठेविला ती बँकहि बुडाली.

पैसा गेला, पण मुंबईनें त्यांना दुसरें धन दिलें. चुमा आणि विकाटानी यांना त्यांनीं मुंबईंत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेंत ठेविलें होतें. १८६६ च्या आरंभीं ते पुन्हां आफ्रिकेस निघाले तेव्हां या दोघांशिवाय, झांबेझीवर त्यांच्याजवळ काम केलेला सुसी, आणि नाशिकजवळील शरणपूर येथील नऊ आफ्रिकी तरुण त्यांच्याबरोबर होते. गुलामांच्या गलबतांतून सुटका झालेलीं मुलें त्या काळीं शरणपूरच्या आश्रमांत वाढविलीं जात व तेथें त्यांना लिहिणें, वाचणें आणि सुतारकी-लोहारकी शिकविली जाई. पुढें १८७२ सालीं शरणपूरचे आणखी कांहीं तरुण त्यांना जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट हा होता.

या शेवटच्या प्रवासांत सात वर्षें गेलीं. त्यांनीं नवीं सरोवरें पाहिलीं, उपास काढले, आणि अंगांतील शक्ति संपेपर्यंत ते नदीचा उगम शोधीत चालले. पुष्कळ माणसें सोडून गेलीं. जे राहिले ते अखेरपर्यंत राहिले. आज ज्यास झांबिया म्हणतात त्या देशांत, चितांबो नांवाच्या प्रमुखाच्या गांवीं, १ मे १८७३ च्या पहाटे ते बिछान्याशेजारीं गुडघे टेकलेल्या स्थितींत मृत आढळले. सुसी, चुमा आणि त्यांचे सोबती यांना कोणी हुकूम देणारा नव्हता, पगाराची खात्री नव्हती, आणि मृतदेह घेऊन परक्या मुलखांतून जाणें जिवावरचें होतें. तरीहि त्यांनीं त्यांचें हृदय तेथील एका झाडाखालीं पुरलें, जेकब वेनराइटनें प्रार्थना वाचली, आणि देह वाळवून, गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत तो किनाऱ्यावर आणला. १८७४ च्या फेब्रुवारींत ते तेथें पोंचले. १८ एप्रिल रोजीं लंडनमध्यें वेस्टमिन्स्टर अॅबींत दफन झालें, तेव्हां पेटीच्या दोऱ्या धरणाऱ्यांत नाशिकचा जेकब उभा होता.

त्यांच्या मृत्यूनंतर महिना-सव्वामहिन्यानें, जून १८७३ मध्यें, झांझिबारचा गुलामांचा बाजार तहानें बंद झाला. त्या तहासाठीं मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं पुष्कळ खटपट केली होती. आणि १८७५ सालीं, एके काळीं ‘पायोनियर’ वर काम केलेल्या यंग नांवाच्या गृहस्थानें ‘इलाला’ नांवाची आगबोट सुटी करून शेंकडों हमालांच्या डोक्यांवरून धबधब्यांच्या वर नेली आणि न्यासा सरोवरावर सोडली. जो बेत ‘लेडी न्यासा’ ला साधला नाहीं तो अशा रीतीनें सिद्धीस गेला. त्या वाटांनीं पुढें परकीय राज्येंहि तेथें शिरलीं, आणि त्यांचा भार तेथील लोकांनीं पुष्कळ वर्षें सोसला, हेंहि खरें आहे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून दोन गोष्टी आम्हांस घेण्यासारख्या वाटतात. आपण कोणास शब्द देतों तेव्हां तो मनुष्य आपली होडी त्या शब्दाला बांधीत असतो. केब्राबासाचें वळण न पाहतां दिलेला शब्द हा सैल वाळूंत टाकलेल्या नांगरासारखा होता. तो घसरला तेव्हां टाकणाऱ्याबरोबर त्याच्यावर विसंबलेलींहि वाहून गेलीं. जें स्वतः पाहिलें नाहीं त्याची हमी देऊं नये, मग ती परीक्षेंतील उत्तराची असो वा मित्राला दाखविलेल्या वाटेची असो.

दुसरी गोष्ट अशी कीं, चूक कळल्यावर हा पुरुष तोंड लपवून बसला नाहीं. वाळूंत रुतलेली बोट ओढण्यासाठीं ज्याप्रमाणें नांगर पुन्हां पुन्हां पुढें नेऊन टाकावा लागतो, त्याप्रमाणें त्यांनीं प्रत्येक अपयशानंतर आपला नांगर थोडा पुढें टाकला. आणि शेवटीं जेव्हां त्यांच्या हातांत दोर धरण्याचें बळ उरलें नाहीं, तेव्हां तो चुमा, सुसी आणि नाशिकचीं मुलें यांनीं धरला. शरणपूर आमच्या नाशकांतच आहे. तेथून कधीं जाणें झालें तर, एके काळीं येथें शिकलेल्या मुलांनीं दिलेला शब्द हजार मैल वाहून नेला, हें वाचकांनीं आठवावें.